शेवटचा थेंब पिपेटचा

गुलाब्याचं पत्र आलं तेव्हा मास्तरांनी ते आधी उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि रसायनशास्त्राच्या एका जाडजूड पुस्तकात जपून ठेवून दिलं. उत्तर संध्याकाळी लिहायचं असं ठरलं होतं. त्या संध्याकाळीला आता वर्ष उलटून गेलं होतं.

घोडं अडलं होतं मायन्यापाशी. ‘चि.’ लिहावं, तर गुलाब्या आता खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. हाताखाली माणसं, दारावर पाटी, आणि डोक्यावर मास्तरांपेक्षाही कमी केस. ‘श्रीयुत’ लिहावं, तर ज्याच्या हातातून आपण कितीदा फ्लास्क काढून घेतला होता, त्याला श्रीयुत म्हणताना पेनालाच हसू फुटायचं. मास्तरांनी एका कागदावर ‘चि.’ लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्यावर ‘श्रीयुत’ लिहिलं आणि खोडलं. तिसरा कागद कोराच राहिला, आणि तो कोरा कागदही त्यांनी पत्राबरोबर पुस्तकात घालून ठेवला. न जाणो, पुढेमागे सुचलं तर हाताशी असावा.

पत्र तसं छोटंसंच होतं. गुलाब्यानं लिहिलं होतं की सर, एकदा आमच्या प्रयोगशाळेत या. इथल्या नव्या मुलामुलींसमोर नुसते ब्यूरेट धरून उभे राहा. मी त्यांना तुमच्याबद्दल इतकं सांगितलं आहे की ती आता मला थापाड्या समजायला लागली आहेत.

मायना हे निमित्त होतं. खरी गोष्ट ही, की मास्तरांना जायची धास्ती वाटत होती. उभा जन्म त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत काढला. तिथला नळ गळका, तराजू लहरी, आणि प्रयोग दरवर्षी तेच, ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली. खऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिथं जायचं, आणि त्या हुशार पोरांनी दोन मिनिटांत ओळखायचं की हा म्हातारा तर साधा शाळामास्तर आहे. त्यापेक्षा थोर म्हणून लांबच राहिलेलं काय वाईट?

गुलाब्याला गुलाब्या हे नाव मिळालं तेही त्याच गळक्या नळाच्या खोलीत. आम्लाच्या फ्लास्कमध्ये वरच्या ब्यूरेटच्या उभ्या नळीतून थेंबथेंब अल्कली सोडायची; आत घातलेल्या दर्शकामुळे आम्ल संपल्याक्षणी पाण्याला गुलाबी छटा येते. ती इतकी फिकी हवी, की आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही. बाकीच्या पोरांना ती कधीमधी तरी साधायची. या पठ्ठ्याचा फ्लास्क मात्र दर खेपेला सरबतासारखा गडद. घाई अंगात मुरलेली. मास्तरांनी त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला सुरुवात केली. रागावून नव्हे, त्यांना रागावता येत नसे. ते फक्त शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, “अजून एक. फक्त एक.” वर्षाअखेरीला गुलाब्याच्या फ्लास्कला अशी छटा आली की वर्गातली सगळी पोरं जागा सोडून बघायला आली. नाव मात्र तेच चिकटलं, आणि पत्राच्या खाली सहीसुद्धा त्यानं तीच केली होती.

*

मास्तरांच्या घरात दोनच माणसं, ते आणि नवऱ्याच्या माघारी इथं आलेली त्यांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली ताई म्हणत असे आणि ती मास्तरांना, त्यांच्या या वयातही, बाळ म्हणत असे. ताईनं आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन आलं, की ती खिडकीपाशी न जाता, ड्रॉवरमध्ये हात घालून नेमक्या रंगाचं रीळ काढून द्यायची. पांढऱ्यातसुद्धा तिला कितीतरी पांढरे दिसत. पण दोन वर्षांपूर्वी तिची बोटं आखडली, सुई धरवेना, आणि मशीनवर कापड टाकून ठेवावं लागलं. काही दिवस ती घरात नुसतीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. मास्तरांना ते बघवत नसे.

मग एकदा फळवाल्याकडची टाकाऊ सफरचंदं तिनं साली आणि गाभ्यासकट चिरून, पाण्यात घालून, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ठेवली. कुणाकडून ऐकलं होतं कोण जाणे. त्याला आधी फेस आला, मग दारूसारखा वास आला, मग वर जाड साय धरली, आणि शेवटी बरणी उघडली की डोळ्यांत पाणी यायला लागलं. ताईचं व्हिनेगर तयार झालं होतं. पहिल्या खेपेचं तिनं गल्लीत वाटलं. दुसऱ्या खेपेला बरण्या वाढल्या. तिसऱ्या खेपेला मागची खोली भरली, आणि शिवणाचा लाकडी पुतळा दिवाणखान्यात मास्तरांच्या पुस्तकांशेजारी येऊन उभा राहिला.

कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाच्या मालकिणीनं चव घेतली आणि माल ठेवायची तयारी दाखवली. अट एकच होती. प्रयोगशाळेचा दाखला हवा, आणि त्यात आम्लता चारच्या खाली नको. शंभर मिलिलिटरमध्ये चार ग्रॅम आम्ल; त्याहून कमी असेल त्याला व्हिनेगर म्हणून विकता येत नाही. दाखल्यासाठी ती महिनाअखेरपर्यंत थांबणार होती. ताईनं बाटली तपासणीला पाठवली आणि दुसऱ्याच दिवसापासून लेबलं कशी असावीत याचा विचार सुरू केला. बऱ्याच महिन्यांनी ती कामात असल्यासारखी चालत होती.

दाखला आला. आकडा होता तीन दशांश नऊ पाच.

ताईनं कागद मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, की पुन्हा एकदा तपासून घेऊ, आणि पुन्हा हेच आलं तर सगळ्या बरण्या मोरीत ओतीन, परत या घरात त्या वासाचं नाव काढायचं नाही. ती हे शांतपणे बोलली म्हणून मास्तर जास्त घाबरले. शिवणयंत्रावर कापड टाकलं त्या दिवशीही ती अशीच शांत होती.

मास्तरांनी खालची सही पाहिली. सही गुलाब्याची होती. पत्रातली सही नव्हे, नावाची, रुबाबदार. पण शेवटच्या अक्षराला मारलेला फराटा तोच होता. त्यांच्या छातीत एकदम दोन गोष्टी झाल्या. आपल्या पोराच्या सहीवर दुकानं माल ठेवतात याचा अभिमान वाटला, आणि पुस्तकातला तो कोरा कागद आठवला.

“एवढी वर्षं पोरांना थेंब मोजायला शिकवलंस,” ताई म्हणाली. “आता घरचं मोजून दाखव.”

मास्तरांनी टाळाटाळ करून पाहिली. डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणाले. सामान कुठंय, म्हणाले. हात कापतो, म्हणाले. ताईनं कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांची खोकी स्वतः उतरवली. ब्यूरेट होती, नेमकं माप घ्यायची काचेची नळी, म्हणजे दहा मिलिलिटरची पिपेट होती, तिचा रबरी फुगा होता, फ्लास्क होते, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ऑक्झॅलिक आम्लाची बाटली होती. स्टँड तेवढा नव्हता. ताईनं इकडंतिकडं पाहिलं आणि ब्यूरेट शिवणाच्या पुतळ्याच्या छातीला आडव्या पट्ट्यांनी अशी बांधली, की ओळंब्यात सरळ. पुतळ्याला इतकं शोभून दिसलं की दोघंही हसली.

सामान जमवण्यात दोन दिवस गेले. बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं. अल्कलीची नेमकी ताकद कळायला आधी तोलून घेतलेलं आम्ल लागतं. ते तोलायला मास्तर सोनाराकडे गेले. सोनारानं बारीक काट्यावर ती पांढरी पूड घातली, आणि यापेक्षा हलका दागिना आजवर माझ्याकडे कुणी आणला नाही, असं म्हणाला. मास्तरांना त्याच्या विनोदाला उत्तर सुचलं, पण ते घरी आल्यावर.

मग एका सकाळी काम सुरू झालं. व्हिनेगर पाचपट पातळ केलं, पिपेटनं मापून फ्लास्कमध्ये घेतलं, दर्शकाचे थेंब टाकले, फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवला. मास्तरांचा डावा हात ब्यूरेटच्या तोटीवर गेला, उजवा फ्लास्क गोल फिरवायला लागला, आणि दोन्ही हातांना सगळं आठवलं. कापायचं तर ते विसरूनच गेले. तेरा मिलिलिटरच्या पुढे गेल्यावर त्यांनी धार तोडून थेंबावर आणली.

“थांब,” ताई म्हणाली. “आलं.”

“कुठं? मला पाणीच दिसतंय.”

“तुला काय दिसणार. माझ्या लग्नात हिरवा सदरा निळा समजून घालून आलास.”

मास्तरांनी खातरी करायला आणखी एक थेंब सोडला आणि त्यांनाही गुलाबी दिसलं. म्हणजे ताईचं बरोबर होतं; त्यांना दिसायला एक थेंब उशीर होत होता. तेव्हापासून वाटणी ठरली. हात मास्तरांचे, डोळे ताईचे. पुन्हा केलं, पुन्हा केलं. दर वेळी ताई म्हणाली थांब, आणि दर वेळी आकडा आला साडेतेरा. त्याला शून्य दशांश तीननं गुणलं की आम्लता मिळते. चार दशांश शून्य पाच.

पास. काठावर, पण पास.

ताई उठून मागच्या खोलीत गेली आणि बरण्यांच्या तोंडाची फडकी नीट करून आली. मास्तर मात्र लगेच स्वतःवर शंका घ्यायला लागले. सोनाराचा काटा चुकला असेल का? पाण्यात काही असेल का? एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेचं चुकेल, की पुतळ्याला ब्यूरेट बांधणाऱ्याचं?

ताईनं चपला घातल्या. तू येतोस की मी एकटी जाऊ, एवढंच तिनं विचारलं.

*

गुलाब्या आपल्या खोलीत कुणाशी तरी बोलत होता. दारात मास्तर दिसताच बोलणं अर्धवट टाकून तो उठला, आणि शाळेत पोरं घ्यायची तशी त्यानं आधी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. खुर्ची पुसली, ताईला दुसरी खुर्ची दिली. शेवटी म्हणाला, “सर, माझं पत्र पोचलंच नसेल तुम्हाला. टपालाचं काही खरं नाही हल्ली.”

“हं,” मास्तर म्हणाले.

ताईनं मान वळवून भावाकडे पाहिलं. पत्र ठेवलेलं ते पुस्तक दर आठवड्याला तीच झटकत असे. पण ती गप्प बसली, आणि ही मेहेरबानी आपल्याला महागात पडणार हे मास्तरांना तिथंच कळलं.

येण्याचं कारण ताईनंच सांगितलं. गुलाब्याचा चेहरा उतरला. तो दाखला सरांच्या घरच्या व्हिनेगरचा आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला की आपण आत्ता, तुमच्यासमोर पुन्हा तपासू. आणि त्यानं त्यांना आत नेलं.

खोली लांबलचक होती. पांढरी टेबलं, ओळीनं ब्यूरेट, एकही नळ गळत नव्हता. ॲप्रन घातलेली पाचसहा मुलंमुली कामात होती. मास्तर दारातच थबकले ते मात्र त्यामुळे नव्हे. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

शेवटचा थेंब पिपेटचा.

हे वाक्य त्यांचं होतं. पिपेट रिकामी केली की टोकाशी एक थेंब अडून राहतो. पोरांना मोह होतो फुंकर मारून तो पाडायचा. पण पिपेटचं माप करतानाच तो थेंब वगळलेला असतो. तो पाडला की माप जास्त होतं. म्हणून टोक फक्त फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचं आणि उचलायचं. हे सांगून सांगून मास्तरांचं तोंड दुखायचं, म्हणून त्यांनी एक दिवस त्याचं वाक्य करून टाकलं. ते चौकटीत बसेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एक चष्मेवाली मुलगी पुढे आली. वाक्याकडे बघत उभ्या असलेल्या मास्तरांना तिनं माहिती दिली, की हे आमच्या सरांच्या सरांचं आहे, आणि इथं कुणी फुंकर मारली तर त्या दिवशी सगळी भांडी त्यानं धुवायची. गुलाब्यानं तिला सांगितलं की हेच ते सर. मुलीनं हातातली बाटली खाली ठेवली. खोलीत कुजबूज गेली आणि एकेक जण कामावरून मान वर करून पाहायला लागला. मास्तरांनी नजर जमिनीला लावली. कान गरम झाले. पळून जावंसं वाटत होतं आणि तिथून हलूही नये असं वाटत होतं.

मुलीनं ताईची बाटली उघडली. लहानशी, दोन मिलिलिटरची पिपेट घेतली, रबरी फुग्यानं व्हिनेगर खुणेपर्यंत ओढलं, आणि फ्लास्कमध्ये सोडलं. मास्तर तिच्या हाताकडे पाहत राहिले. पिपेट उभी, मनगट सैल, घाई नाही. शेवटी तो थेंब टोकाशी राहिला. मुलीनं टोक अलगद काचेला टेकवलं, क्षणभर थांबली, उचललं. थेंब आपल्या जागी होता.

मास्तरांना भरून आलं. या मुलीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वेळेपर्यंत ते शाळेतून निवृत्तही झाले होते. आणि तिचा हात तो थेंब असा सांभाळत होता, जसं त्यांनी शेजारी उभं राहून ‘अजून एक, फक्त एक’ म्हणत शिकवलं असावं. त्या थेंबावरून त्यांची नजर हलेना. ती मग कौतुकानं वर चढत गेली, काचेच्या नळीवरून, खुणांवरून, मुलीच्या बोटांवरून, अगदी वरच्या टोकापर्यंत. तिथं नळीभोवती दोन बारीक रंगीत कडी होती.

त्यांनी चष्मा सारखा करून ती पुन्हा पाहिली.

इकडे मुलगी ब्यूरेटवर उभी होती. ताई आपणहून फ्लास्कजवळ गेली होती. दोघी एकाच वेळी म्हणाल्या, आलं. रंगात फरक नव्हता. आकडा लागला तेरा दशांश एक पाच. आम्लता पुन्हा तीच. चारच्या खाली.

गुलाब्या मास्तरांकडे वळला. “सर, तुमच्यासाठी मी काहीही करीन. पण आकडा नाही बदलता येणार.”

“बदलायचाच नाही,” मास्तर म्हणाले, आणि इतक्या ठामपणे म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. समोर आपला मास्तर उभा आहे, मास्तरांची बहीण उभी आहे, आणि तरी हा गडी आकड्यापासून तसूभर हलत नाही. सरबतासारखा फ्लास्क घेऊन उभा राहणारा तो पोरगा कुठं आणि हा कुठं.

त्यांनी मुलीला विचारलं की या पिपेट नव्या आहेत का. मुलगी म्हणाली, काही महिन्यांपूर्वीच आल्या, आधीच्यांची टोकं झिजली होती. मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण सगळी मुलं बघत होती, भिंतीवर ती चौकट होती, आणि तिच्याखाली गुलाब्या मान खाली घालून उभा होता. शिवाय करून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय. त्यांनी एवढंच विचारलं की यातली एक मला घरी नेता येईल का. गुलाब्यानं कागदात गुंडाळून, वर रबर लावून, त्यांच्या वरच्या खिशात स्वतः ठेवली.

परतताना ताई दोन पावलं पुढे चालत होती. आठवण म्हणून काचेची नळी घेऊन आलास, छान झालं, असं ती मागे न बघता म्हणाली. घरी पोचताच तिनं मोरीची जाळी उचलून बाजूला ठेवली.

“उद्या दुपारपर्यंत थांब,” मास्तर म्हणाले. “मग तूच ओत. मी बरण्या उचलून देईन.”

ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. अशा आवाजात तिचा बाळ फारसा बोलत नसे. तिनं जाळी परत बसवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळ्याच्या छातीवर ब्यूरेट पुन्हा उभी राहिली. मास्तरांनी ती दोन कड्यांची पिपेट घेतली, प्रयोगशाळेतल्या मुलीसारखंच माप घेतलं, शेवटचा थेंब टोकाशी राहू दिला. तेरा दशांश एक पाच. प्रयोगशाळेचाच आकडा, जसाच्या तसा. ताईनं ओठ आवळले.

मग मास्तरांनी पुन्हा माप घेतलं. थेंब टोकाशी राहिला. त्यांनी रबरी फुगा लावला आणि थबकले. उभ्या आयुष्यात त्यांनी हे कधी केलं नव्हतं. खोलीत ताईशिवाय कुणी नव्हतं, तरी त्यांनी दाराकडे पाहिलं. आणि फुगा दाबला. थेंब फ्लास्कमध्ये पडला.

साडेतेरा.

ते खुर्चीत बसले आणि ताईला सांगायला लागले. पिपेट दोन जातींच्या असतात. एका जातीत शेवटचा थेंब मापात धरलेला नसतो, तो आत ठेवायचा. दुसऱ्या जातीत तो धरलेला असतो, तो फुंकून पाडायचा. आणि ती जात ओळखू यावी म्हणून तिच्या डोक्यावर कडी काढलेली असतात. मोठ्या पिपेटमध्ये एका थेंबानं फारसं बिघडत नाही. पण माप दोनच मिलिलिटरचं असलं की तेवढ्या थेंबानं पास नापास ठरतं.

“टेपच्या पितळी टोकासारखं,” ताई म्हणाली. “कुठल्या टेपमध्ये ते मापात धरलेलं असतं, कुठल्यात नसतं. न बघता मापलं की बाही आखूड.”

“अगदी तसंच.”

“मग हे शिकवलं नव्हतंस त्यांना?”

“शाळेत कड्यांची पिपेट होती कुठं? मी पुस्तकातच पाहिली होती. मला काय ठाऊक, ही पोरं कुठं जाऊन काय हातात घेणार आहेत.” मास्तरांचा आवाज खाली गेला. “माझं वाक्य अपुरं होतं, ताई. माझ्या वाक्यामुळे चुकले ते.”

ताई फ्लास्क उजेडात धरून बघत होती. आतली छटा अजून टिकून होती.

“कंपनीनं पिपेटवर कडी काढून सांगितलं, फुंका,” ती म्हणाली. “तरी एकानंही फुंकली नाही. का, तर सरांच्या सरांनी नको म्हटलंय. अख्खी प्रयोगशाळा तुझ्या एका वाक्यावर चालते, आणि तू वर्षभर मायना शोधत बसलायस.”

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. काही वेळानं त्यांना हसू यायला लागलं, आधी थोडं, मग आवरेना. बरोबर बोलत होती ती. चूक होती खरी, पण असली चूक व्हायला आधी कुणी तरी कुणाचं तरी इतकं ऐकावं लागतं. ती भिंतीवरची चौकट, तो टोकाशी सांभाळलेला थेंब, आकडा बदलणार नाही म्हणणारा गुलाब्या, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभं राहिलं, आणि या खेपेला त्यांनी नजर जमिनीला लावली नाही.

फोन करून टाक, असं ताई म्हणाली. मास्तर नको म्हणाले. फोन तो सगळ्यांसमोर घेईल. पत्र तो खोलीत एकटा वाचेल, आणि मग मुलांना काय सांगायचं, कसं सांगायचं, ते तोच ठरवील. महिना संपायला अजून वेळ होता. आणि एक पत्र तर तसंही लिहायचं राहिलंच होतं.

त्यांनी पुस्तकातून तो कोरा कागद काढला. मायन्यापाशी पेन थांबलं नाही.

‘चि. गुलाब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मला मिळालं होतं. टपालखात्याचा काही दोष नाही. उत्तर लिहायला मी वर्षभर घाबरत होतो. कशाला ते समोरासमोर सांगीन.

तुमच्या नव्या पिपेटच्या डोक्यावर दोन कडी आहेत. असल्या पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडायचा असतो. मी दोन्ही रीतींनी करून पाहिलं, आकडे मागच्या पानावर दिले आहेत. तू स्वतः करून पाहा, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पटलं तर ताईचं व्हिनेगर पुन्हा तपास, आणि या पिपेट आल्यापासून चारच्या जरा खाली राहून जे जे नापास झाले असतील त्यांचंही. त्यांच्या घरीही कुणी बरण्या घेऊन बसलं असेल.

भिंतीवरचं वाक्य काढू नकोस. त्याच्याखाली एवढं लिही: डोक्यावर कडी असतील तर थेंब आपला. दोन्ही ओळी माझ्याच, असं मुलांना खुशाल सांग.

त्या चष्मेवाल्या मुलीचा हात फार चांगला आहे. तिला भांडी धुवायला लावू नकोस.

पुढच्या आठवड्यात मी येतो. ब्यूरेट धरून उभा राहीन. रंग मला एक थेंब उशिरा दिसतो, म्हणून ताईला बरोबर आणीन. आणि काल तू आकडा बदलला नाहीस, तेव्हा मला किती बरं वाटलं ते मला लिहिता येत नाही.

तुझा,
मास्तर’

ताईनं पत्र वाचलं. चष्मेवालीच्या वाक्यापाशी मान डोलावली, आपल्या नावापाशी घसा खाकरला. मग म्हणाली की तू टाकायला एकटा गेलास तर हे पत्रही पुस्तकात जाईल, मीच येते बरोबर.

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी होती. मास्तरांनी पाकीट फटीत सरकवलं, आणि अर्धं आत, अर्धं बाहेर असताना त्यांचा हात थांबला. पत्त्यावर आपण ‘चि.’ लिहिलं की ‘श्रीयुत’, ते त्यांना आठवेना. त्यांनी वाकून पाहायचा प्रयत्न केला.

“आता काय फुंकर मारायची वाट बघतोयस?” ताई म्हणाली.

मास्तरांनी बोटानं पाकीट आत ढकललं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला.